निरोप आला का?

बाजव्यातील पालक शाळेची फी ऑनलाइन भरतात, तेव्हा पेमेंट गेटवे शाळेच्या संगणकाला आपणहून निरोप धाडतो. या पद्धतीला 'वेबहुक' म्हणतात. हे नाव २००७ मध्ये जेफ लिंडसे यांनी दिले. निरोप पोहोचला नाही, तर फी भरूनही मुलाचे नाव थकबाकीत राहते.

आता एआय एजंटला अलीकडे आलेल्या निरोपांची यादी पाहण्याचे साधन देता येते. यादीत वेळ, व्यवहार क्रमांक व स्थिती दिसते. पोच न मिळाल्यास गेटवे तोच निरोप पुन्हा धाडतो. म्हणून क्रमांक जुळवावा, नाहीतर एकच फी दोनदा जमा दिसेल.

लक्षात ठेवा : यादीत निरोप नाही, म्हणजे पैसे आलेच नाहीत असे नव्हे. आधी गेटवेचा हिशेब तपासावा, मगच मुलाला विचारावे.