शेवट बदलण्याआधी

पुणे

चि. मुक्ता,


तुझा रफ कट पाहिला आणि लगेच पुन्हा एकदा पाहिला. फडावरची ती पोर मुकादमाचा ट्रॅक्टर घेऊन, मोठ्याने गात कारखान्याच्या रस्त्याला लागते, तिथे तुझा लघुपट संपतो. पैसे देणाऱ्या संस्थेला हे खटकतं. ऊसतोडीचा प्रश्न यामुळे हलका होतो, तिचं लग्न ठरलेलं दाखव, मग उरलेला हप्ता देऊ, असं त्यांनी कळवलंय. मावशी, काय करू, म्हणून तू विचारलंस. तुला आधी वनुरी काहियू या केनियाच्या दिग्दर्शिकेबद्दल सांगते, कारण अगदी हाच प्रसंग तिच्यावर आला होता आणि तिच्यावरचं दडपण तुझ्यापेक्षा कितीतरी मोठं होतं.

तिचा जन्म 1980 सालचा, नैरोबीचा. इंग्लंडमध्ये व्यवस्थापनशास्त्र शिकून ती पुढे अमेरिकेत, लॉस एंजलीसच्या विद्यापीठात चित्रपट शिकली. 'फ्रॉम अ विस्पर' हा तिचा पहिला मोठा चित्रपट 2008 सालचा. 1998 च्या ऑगस्टमध्ये नैरोबीतल्या अमेरिकी दूतावासावर झालेल्या बॉम्बहल्ल्याची पार्श्वभूमी त्याला आहे. त्यासाठी तिला आफ्रिकेतल्या महत्त्वाच्या चित्रपट पुरस्कारांत उत्कृष्ट दिग्दर्शनाचा मान मिळाला. लगेच पुढच्या वर्षी तिने 'पुम्झी' केला. पाण्यासाठीच्या युद्धानंतर बाहेर न पडता बंदिस्त राहणारं जग, आणि वाट्याचं पाणी एका रोपाला घालणारी मुलगी. वीस-बावीस मिनिटांचा विज्ञानपट. तो जरूर बघ. संवाद जवळजवळ नाहीतच, तरी कुठे अडत नाही.

आफ्रिकेतून विज्ञानपट कशाला, असं वाटणारे पुष्कळ होते. युद्ध, दुष्काळ, रोगराई यांवर चित्रपट करायला पैसे मिळतात, कारण पैसे देणाऱ्यांना आपल्या कामाचा संदेश हवा असतो. वनुरीने याच्याविरुद्ध जाहीर भूमिका घेतली आणि तिला 'आफ्रोबबलगम' असं खट्याळ नाव दिलं. आमच्या माणसांना आनंदात, प्रेमात, थट्टामस्करीतही दिसू द्या, एवढीच तिची मागणी. मला ती फार गंभीर मागणी वाटते. ज्या समाजाचं फक्त दुःखच पडद्यावर येतं, त्याच्याकडे लोक हळूहळू माणूस म्हणून बघेनासे होतात. बीडच्या ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर झालेल्या माहितीपटांत एखादी हसणारी मुलगी तुला आठवते का?

मग आला 'रफीकी'. युगांडाच्या मोनिका अराक द न्येको यांच्या 'जाम्बुला ट्री' या कथेवर तो आधारलेला आहे. केना आणि झिकी या नैरोबीतल्या दोन मुली प्रेमात पडतात आणि त्यांचे वडील एकाच निवडणुकीत एकमेकांसमोर उभे असतात. पैसे उभे करायला तिला वर्षानुवर्षं लागली. दक्षिण आफ्रिका, फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्स, नॉर्वे अशा कुठकुठल्या देशांतून ते थोडे थोडे जमले. यातलं एक तू मनावर घे: पैसे अनेकांचे असले की कोणा एकाला शेवट ठरवता येत नाही.

केनियात समलिंगी संबंधांना 14 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा इंग्रजांच्या वेळचा, आपल्या पूर्वीच्या 377 कलमाचाच भाऊ. 2018 च्या एप्रिलमध्ये तिथल्या परीक्षण मंडळाने चित्रपटावर बंदी घातली. त्याआधी मंडळाने तिला एक वाट देऊ केली होती. शेवट फार आशादायक आहे, त्यात पश्चात्ताप दिसू दे, म्हणजे प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र देतो. तिने नकार दिला. पुढच्याच महिन्यात 'रफीकी' कान महोत्सवात दाखवला गेला. त्या महोत्सवात निवडला गेलेला तो केनियाचा पहिला चित्रपट.

शेवटात असं होतं तरी काय? केना टेकडीवर उभी असते, मागून हाक येते, खांद्यावर हात पडतो. बस्स. पण त्याआधी जमावाने दोघींना बेदम मारलेलं आपण पाहिलेलं असतं. मार लपवलेला नाही, म्हणून तो हात खरा वाटतो. आपल्याकडे विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक 1981 साली रंगभूमीवर आलं. धाडस मोठंच होतं, पण मित्रा या समलिंगी नायिकेच्या वाट्याला शेवटी मृत्यूच आला. त्या काळाला तोच शेवट शक्य वाटला असेल. सदतीस वर्षांनी वनुरीने आपल्या मुलींना जगू दिलं, आणि मंडळाला नेमकं तेच सोसलं नाही.

नंतर ती न्यायालयात गेली. ऑस्करसाठी देशाकडून नाव जायचं तर तेव्हा मायदेशात सात दिवस जाहीर खेळ व्हावे लागत. 21 सप्टेंबरला न्यायालयाने तेवढ्याच सात दिवसांपुरती, फक्त प्रौढांसाठी बंदी उठवली. समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का काढणारा आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा 377 वरचा निकाल त्याच महिन्याच्या 6 तारखेचा. नैरोबीत खेळ हाउसफुल्ल गेले. ऑस्करसाठी मात्र केनियाने 'सुपा मोडो' हा दुसरा चित्रपट पाठवला, आणि 2020 मध्ये उच्च न्यायालयाने बंदी वैध ठरवली. तेव्हा हट्ट धरला की यश येतंच, असं मी तुला सांगणार नाही. तिचा 2022 चा नेटफ्लिक्सवरचा 'लुक बोथ वेज' मला बेताचाच वाटला. पण कामं येत राहिली, आणि 'रफीकी' आजही तिने केला तसाच आहे.

आता तुझं. मला तुझा शेवट आवडला, पण तो अजून पुरता कमावलेला नाही. मुकादमाची उचल, आईचं दुखणं, पहाटेची थंडी हे तू फार घाईने उरकलंस. त्याला आणखी दोन-तीन मिनिटं दे. मग ती मुलगी ट्रॅक्टरवर बसली की प्रश्न हलका झाला, असं म्हणायला कोणी धजणार नाही. संस्थेला हा नवा कट स्वतः जाऊन दाखव. फोनवर भांडू नकोस, त्यांचं म्हणणं पूर्ण ऐक आणि लेखी मागून घे. हप्ता अडलाच तर ध्वनिमुद्रणाच्या खर्चाचं आपण दुसरीकडे बघू. काका आणि मी आहोत.

आणि करारात फायनल कट कोणाच्या हातात आहे, ते कलम मला आजच पाठव. आपल्या वकीलकाकांनी ते वाचेपर्यंत नव्या कोणत्याही कागदावर सही करू नकोस.

तुझी,
शैलामावशी