केशराला बी नसते

गेल्या भाद्रपदात म्हसावदच्या बचत गटातील एका ताईंनी नमुन्याची पुडी माझ्यापुढे ठेवली. "भाऊ, अमेरिकन केशराचं बी आहे. कोरडवाहू रानात येतं म्हणतात. घ्यायचं का?" आत पांढरे, टणक, कोनदार दाणे होते. नवे पीक म्हटले की आम्हा कार्यकर्त्यांना उत्साह फार. मी "घ्या" म्हणणारच होतो. पण गटाची वर्षभराची बचत त्यात जाणार होती, म्हणून एक दाणा दाताखाली फोडला. करडई!

राज्यात ठिकठिकाणी याच नावाने शेतकरी फसले आहेत, म्हणून हा धडा लिहितो. खऱ्या केशराला बी धरतच नाही. त्याची लागवड कांद्यासारख्या कंदांपासूनच होते. तेव्हा कोणी केशराचे 'बी' विकू लागला, तर भावही विचारू नका.

काश्मिरात पांपोरच्या पठारी रानांत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये केशराची जांभळी फुले येतात. एका फुलात लाल तंतू तीनच. ग्रॅमभर सुक्या केशराला सुमारे दीडशे फुले लागतात. पाणी कमी लागते, उलट साचले तर कंद कुजतो. मग आपल्याकडे का नको, असे वाटणारच. पण आपली अडचण पाण्याची नाही, उष्णतेची आहे. फुलोऱ्याला १५ ते १७ अंशांचा गारवा हवा आणि इथे ऑक्टोबरची दुपार तिशी ओलांडते. महाराष्ट्रात काही तरुण थंड केलेल्या खोलीत ट्रेवर कंद ठेवून केशर घेतात. ते खरे केशर, पण यंत्रे, वीज आणि कंदांचा खर्च पाड्यावरच्या गटाला झेपणारा नाही.

करडई मात्र आपली. तिची मुळे खोल जातात, जमिनीतल्या ओलीवर पीक निघते. दादरच्या कडेने काटेरी करडई पेरली की गुरे शिरत नाहीत, हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. काटे नको असतील तर फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचा 'नारी-६' हा बिनकाट्याचा वाण आहे. कोमेजू लागलेल्या पाकळ्या वेचल्या तर दाण्याचे नुकसान होत नाही; त्या चहा-काढ्याला, रंगाला चालतात. विकायच्या तर करडईच्या पाकळ्या म्हणूनच विकाव्यात.

पेरणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात करावी. थंडीत माव्यावर लक्ष ठेवावे.

ताईंनी ती पुडी दादरच्या बांधाला टोचली. पैसे गटाच्या पेटीतच आहेत.