घर किती वीज खाते, हे सांगणारा माणूस

इंग्लंडमध्ये घर विकायला किंवा भाड्याने द्यायला काढले की आधी त्याचे ऊर्जा प्रमाणपत्र करून घ्यावे लागते. मूल्यांकन करणारा माणूस टेप आणि टॉर्च घेऊन येतो, खोल्यांची मापे घेतो, माळ्यावर चढून उष्णतारोधक थराची जाडी पाहतो, बॉयलरचे मॉडेल टिपून घेतो. या नोंदींवरून घराला ए ते जी यांपैकी एक श्रेणी मिळते आणि ती १० वर्षे चालते. एफ किंवा जी श्रेणीचे घर, काही अपवाद सोडले तर, २०१८पासून नव्या भाडेकरूला देता येत नाही. या कामाला तिथे पदवी लागत नाही. ठरावीक प्रशिक्षण आणि मान्यताप्राप्त योजनेत नोंदणी मात्र लागते.

आपल्याकडचे चित्र वेगळे आहे, आणि पालकांनी ते आधीच समजून घेतलेले बरे. भारतात घर विकताना असे प्रमाणपत्र कोणी मागत नाही. पण पाया घातला गेला आहे. फ्रिज-एसीवरच्या ताऱ्यांमुळे घराघरात पोहोचलेल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. पुढे घरांनाही एक ते पाच तारे देण्याची योजना आली. २०२२च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारती ऊर्जा संवर्धन कायद्याच्या कक्षेत आल्या.

या संहितेतला एक आकडा विद्यार्थ्याने लक्षात ठेवावा: १५. थंड प्रदेश वगळता, छत सोडून इमारतीच्या बाह्य आवरणातून, म्हणजे भिंती आणि खिडक्यांतून, आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी १५ वॉटपेक्षा जास्त नसावी. नागपूरच्या मे महिन्यातला पश्चिमेकडचा फ्लॅट डोळ्यांपुढे आणा. भिंत ओतीव काँक्रीटची, खिडकी मोठी, वर छज्जा नाही. दुपारी तापलेली ती भिंत रात्रीपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहते आणि एसी बंद करायची सोय उरत नाही. त्याच जागी हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या एएसी ब्लॉकची भिंत आणि खिडकीवर पुरेसा छज्जा असेल तर फरक किती पडेल, हे गणिताने दाखवणे हे या क्षेत्रातले खरे काम. नकाशा कागदावर असतानाच ते झाले तर त्याचा सर्वाधिक उपयोग होतो. म्हणूनच सिव्हिल आणि आर्किटेक्चरच्या मुलांनी इकडे लक्ष द्यायला हवे. पिंपरी-चिंचवडसारख्या महापालिका हरित मानांकन मिळवणाऱ्या इमारतींना मालमत्ता करात सवलत देतात, त्यामुळे बिल्डरांनाही अशा सल्लागारांची गरज भासते.

मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलवाल्यांची वाट अधिक रुळलेली आहे. ब्युरोच्या राष्ट्रीय परीक्षेत तीन पेपर उत्तीर्ण झाल्यास ऊर्जा व्यवस्थापक, चौथाही झाल्यास ऊर्जा लेखापरीक्षक. या परीक्षेला बसण्यासाठी अभियांत्रिकी पदवीधराला ३ वर्षांचा आणि पदविकाधारकाला ६ वर्षांचा संबंधित अनुभव लागतो. काम बहुतांशी कारखाने, रुग्णालये, हॉटेले आणि मोठ्या कार्यालयांत मिळते. केवळ घरांवर पोट भरेल, अशी स्थिती आज नाही.

म्हणूनच ‘बारावीनंतर सहा महिन्यांत प्रमाणित एनर्जी ऑडिटर’ अशी जाहिरात दिसली तर फी भरू नका. अनुभवाची अट कोणताही क्लास माफ करू शकत नाही.

पॉलिटेक्निकमधून निघालेल्या मुलाने आधी एखाद्या कारखान्याच्या मेंटेनन्स विभागात नोकरी धरावी. बॉयलर, पंप, कॉम्प्रेसर जवळून पाहावेत, क्लॅम्प मीटर हाताळावा, वीजबिलातला मागणी आकार आणि पॉवर फॅक्टर वाचायला शिकावे. ज्याला गच्चीवर उन्हात उभे राहून मोजमाप घ्यायचा कंटाळा येत नाही आणि नंतर त्याचा नेटका अहवाल लिहिता येतो, त्याला हे काम मानवेल. पालकांनी मुलाची ही आवड पारखावी आणि प्रवेशाचा निर्णय घेण्यापूर्वी ब्युरोची परीक्षेची अधिसूचना मुलासोबत बसून स्वतः वाचावी.