एक नियम, तीन यंत्रणा

बीदर आणि कलबुर्गी हे आमचे सीमेवरील जिल्हे. भालकी, औराद अथवा आळंद येथील एक विद्यार्थी मराठीतून शिकतो, त्याचा शेजारी कन्नडमधून, तिसरा उर्दूतून. परंतु राज्याचा अभ्यासक्रम तिघांनाही एकच. संगणकाच्या क्षेत्रातही असाच प्रकार आढळतो. 'डॉट नेट' हा आज्ञावली रचण्याचा मंच त्याचे उत्तम उदाहरण होय.

सी शार्प, व्हिज्युअल बेसिक आदी भाषांत लिहिलेली आज्ञावली येथे प्रथम एका मध्यस्थ भाषेत उतरते. मग तिचे त्या त्या यंत्राच्या भाषेत रूपांतर होते. या व्यवस्थेचे नियम 'एक्मा' या संस्थेने २००१ साली प्रमाण मानले. नियम उघड असल्याने ते इतरांसही अमलात आणता आले.

पहिली यंत्रणा मायक्रोसॉफ्टची 'डॉट नेट फ्रेमवर्क' (२००२). ती विंडोजपुरतीच मर्यादित. दुसरी 'मोनो', मिगेल दे इकाझा यांच्या पुढाकाराने सिद्ध झालेली तिची पहिली आवृत्ती २००४ साली निघाली व लिनक्सलाही हा मंच लाभला. तिसरी २०१६ ची 'डॉट नेट कोअर'. ती विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्हींवर चालते. २०२० पासून तिच्या नावातील 'कोअर' गळाले. मूळ मोनो प्रकल्प २०२४ साली 'वाइन' प्रकल्पाकडे सोपविण्यात आला.

यांत श्रेष्ठ कोणती? कार्य पाहूनच हे ठरवावे लागते. विंडोजच्या जुन्या खिडक्यांवर उभारलेली आज्ञावली लिनक्सवर चालवायची, तर तिसरी यंत्रणा उपयोगी पडत नाही. मोनो बऱ्याच अंशी पडते. नव्या कामास मात्र तिसरीच योग्य.

आणखी एक भेद आम्हां सीमावासीयांनी विशेष ध्यानात ठेवावा. नावांचा अनुक्रम लावताना फ्रेमवर्क विंडोजच्या नियमांवर विसंबते. 'डॉट नेट ५' पासून सामान्यतः 'आयसीयू' हा निराळा संग्रह वापरला जातो. त्यामुळे मराठी वा कन्नड हजेरीपटाचा क्रम दोहोंत वेगळा लागू शकतो. एकीने लावलेल्या यादीत दुसरीने शोध घेतला, तर असलेले नावही सापडणार नाही, असा प्रसंग संभवतो.

आमच्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ ही अक्षरे 'ह' नंतर येतात. म्हणून अशा अक्षरांची दहा नावे प्रथम हाताने क्रमवार लावावीत आणि मग यंत्राचा क्रम त्यांच्याशी ताडून पाहावा. नियम एक असला, तरी उत्तर तपासण्याचे काम विद्यार्थ्याचेच आहे.