हंगाम थांबत नाही, हप्ता थांबतो

माझा विषय ऊसतोड मजुरांच्या मुलांचं शिक्षण. दिवाळीच्या सुमाराला बीडच्या गावांतून कोयते बाहेर पडतात आणि शाळांचे वर्ग निम्मे होतात. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की मुलं परततात. संशोधकाला पाहायचं ते या मधल्या महिन्यांतच. माझी अधिछात्रवृत्ती मंजूर होती, पण हप्ता ऐन हंगामात अडकला. पैसे खात्यावर आले तेव्हा टोळ्या गावी परतल्या होत्या आणि पुढच्या हंगामापर्यंत थांबणं भाग पडलं. म्हणून नव्या संशोधकांना माझं सांगणं आहे : रकमेआधी मुदत पाहा.

नेट-जेआरएफचा आधार भक्कम आहे. २०२३ पासून पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये, पुढची तीन वर्षं ४२,०००. मात्र कोर्सवर्कचा काळही याच पाच वर्षांत मोजला जातो. आयसीएसएसआरची अधिछात्रवृत्ती दरमहा २०,००० रुपये, तीही दोनच वर्षं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन वर्षं लागतात, म्हणजे वर्षभराचा खर्च तरी पदरचा. ते वर्ष लेखनाच्या वाट्याला येईल, गावोगाव फिरण्याच्या नव्हे, अशी आखणी करा.

प्रवासाचा हिशेब वेगळा मांडा. जेआरएफमध्ये सामाजिक शास्त्रांना पहिली दोन वर्षं आकस्मिक खर्चासाठी वर्षाला १०,००० रुपयेच मिळतात. बीडहून कोल्हापूर-सांगलीच्या फडांपर्यंत मुलांच्या मागे जायचं, तर ते पुरत नाहीत. पहिल्या हप्त्यापासूनच थोडे पैसे क्षेत्रभेटींसाठी बाजूला ठेवा. दरमहाची हजेरी वेळेत नोंदली गेली ना, हे स्वतः तपासा. जेआरएफच्या दोन वर्षांनंतर एसआरएफसाठी, म्हणजे वरिष्ठ अधिछात्रवृत्तीसाठी, प्रगतीचं मूल्यमापन होतं, त्याची कागदपत्रं आधीच जुळवा. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवा, पण एका वेळी दोन अधिछात्रवृत्त्या घेता येत नाहीत हे ध्यानात असू द्या.

मार्गदर्शकांनाही विनंती आहे. हंगामाशी बांधलेल्या विषयासाठी विभागातून उसनी रक्कम मिळण्याची सोय करा, हप्ता आला की ती वळती करता येईल.

पैसे अडकले की शिक्षकांना प्रश्नावल्या पाठवून काम उरकावं, असा सल्ला मिळतो. तो मानू नका. शाळेतून निघून गेलेली मुलं त्या प्रश्नावलीत कुठेच नसतात. वेळापत्रक बदला, विषय सोडू नका.