नजरेचे माप महागात पडते

व्यापारी व कारागीर बंधूंनो, मालाचा नंबर न पाहता माल जुळवला तर काय होते, त्याचे हे उदाहरण.

१० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचे विमान इंग्लंडमधील बर्मिंगहॅमहून स्पेनला निघाले. सुमारे १७ हजार फुटांवर वैमानिकासमोरची काच उडाली आणि कॅप्टन टिम लँकेस्टर अर्धे बाहेर ओढले गेले. सहकाऱ्यांनी त्यांना धरून ठेवले. सहवैमानिकाने विमान साउथॅम्प्टनला उतरवले. सर्वजण बचावले.

ती काच आदल्या दिवशीच बदलली होती. चौकशीत आढळले की, ९० पैकी ८४ बोल्टांची जाडी सुमारे ०.६६ मिलिमीटर कमी होती. दुरुस्ती करणाऱ्याने पुस्तकातील नंबर पाहिला नाही. जुना बोल्ट समोर धरून नजरेने नवा निवडला. स्टोअरवाल्याने योग्य नंबर सांगूनही तो घेतला नाही. गंमत अशी की, नमुन्याचा जुना बोल्टही चुकीचाच, आखूड होता.

‘नमुना दाखवा, तसाच देतो’ ही आपल्याही बाजाराची रीत. पण नमुनाच चुकीचा असेल तर? म्हणून आम्ही सांगतो: नंबर वाचा, कॅलिपर लावा आणि माल ओळखणाऱ्या नोकराचे ऐका. आजवर चालले, एवढ्यावरून ते बरोबर ठरत नाही.