कारवानी पिल्लाची उडी

प्रश्न : माझे सात महिन्यांचे कारवानी कुत्र्याचे पिल्लू शेताच्या कुंपणावरून उडी घेऊ पाहते. त्यास कसे शिकवावे? (एक शेतकरी, मेहकर तालुका)

उत्तर : लांब पायांच्या या जातीत हाडांच्या टोकांशी असलेला वाढीचा मृदू कूर्चास्तर वर्ष-दीड वर्षापर्यंत अस्थिरूप होत नाही, सबब तूर्त सपाट, किंचित ओलसर जागी आडवी ठेवलेली तुराट्यांची पेंढी, पुढे फार तर पिल्लाच्या ढोपराखालच्या उंचीची, पाय लागताच खाली पडणारी काठी, एवढ्यावरच समाधान मानावे. उन्हाने भेगाळलेल्या काळ्या रानात उडी मुळीच नको. काटेरी तारेवरून तर कधीच शिकवू नये. ससा दिसताच बेभान होणाऱ्या या श्वानास तार दिसत नाही आणि त्याची पातळ कातडी क्षणात फाटते, म्हणून मला उडीहून ‘थांब’ हा हुकूमच अधिक मोलाचा वाटतो, आणि तो आपण आजच शिकवू लागावे.